महानायकाच्या मालिकेत राजकारण आहे का, हे कसं ओळखावं?

परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला गेलं की भीमकुंड पाहणं आलंच. भीमानं कीचकाला मारलं, दरीत फेकलं आणि या पाण्यात हात धुतले, ही कथा अमरावती जिल्ह्यातल्या लेकरांना शाळेच्या सहलीतच कळते. विराटाच्या राजवाड्यात बल्लव नावाचा आचारी म्हणून गुपचूप राहायचं आणि वेळ आली की माजलेल्याला लोळवायचं, असा हा गडी. ओळख लपवणं, दुबळ्यासाठी धावून जाणं, अचाट ताकद, आजच्या सुपरहिरोकडे जे असतं ते सगळं त्याच्याकडे होतं.

१९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी हीच कथा 'कीचकवध' नाटकातून रंगभूमीवर आणली. नाटकात इंग्रजांचं नावही नाही. तरी प्रेक्षकांना कीचकात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसला, सैरंध्री झालेल्या द्रौपदीत पारतंत्र्यातला देश दिसला, धीर धरा म्हणणाऱ्या युधिष्ठिरात मवाळ दिसले आणि भीमात जहाल. सरकारलाही तेच दिसलं. १९१० साली नाटकाच्या प्रयोगांवर बंदी आली. महानायकाच्या गोष्टीत राजकारण आहे की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात शंभरहून अधिक वर्षं जुना आहे तो असा.

आज हाच प्रश्न चांदूर रेल्वेच्या घराघरांत मोबाईलवरून येतो. बडनेरा-अमरावतीला शिकायला जाणारी पोरं गाडीत बसल्या बसल्या मालिकांचे भाग पाहतात. घरी आलं की टीव्हीवर पुढचा भाग. तेवढ्यात कुटुंबाच्या ग्रुपवर निरोप येऊन पडतो: ही मालिका मुलांना दाखवू नका, यात अजेंडा आहे. कोणी म्हणतं धर्माविरुद्ध आहे, कोणी म्हणतं देशाविरुद्ध, कोणी म्हणतं अमेरिकेचा प्रचार आहे. निरोप पुढे पाठवणाऱ्यानं मालिका पाहिलेली असतेच असं नाही. आणि मालिका आवडणारा मुलगा म्हणतो, यात राजकारण काहीच नाही, नुसती मारामारी आहे. दोघांचंही म्हणणं तपासता येतं. त्यासाठी चित्रपटशास्त्र शिकावं लागत नाही. एक वही, थोडा धीर आणि काही ठरलेले प्रश्न पुरतात. ते प्रश्न या लेखात देतो आहे.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

आपली अर्धी भांडणं तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली कोंबल्यामुळे होतात. विषय, भूमिका आणि प्रचार.

राजकारणाशी जोडलेला विषय मालिकेत येणं ही पहिली गोष्ट. फाळणी, निर्वासित, वंशद्वेष, पोलिसांची सत्ता, मोठ्या कंपन्यांची मुजोरी. महानायकाचं कामच अन्यायाशी लढणं, तेव्हा असे विषय येणारच. विषय आला म्हणून अजेंडा आला, असं होत नाही.

त्या विषयावर मालिकेनं बाजू घेणं ही दुसरी गोष्ट. १९४६ साली अमेरिकेत सुपरमॅनच्या रेडिओ मालिकेत सोळा भागांची एक कथा प्रसारित झाली. एक चिनी वंशाचं कुटुंब शहरात राहायला येतं, त्यांचा मुलगा बेसबॉलच्या संघात गोलंदाज होतो, त्यामुळे जागा गमावलेल्या मुलाचा काका एका गुप्त वंशद्वेषी टोळीचा म्होरक्या निघतो. ही टोळी म्हणजे कु क्लक्स क्लान, हे ऐकणाऱ्याला कळत होतं. इथे भूमिका स्पष्ट आहे. ती लपवलेली नाही, आणि ती घेतल्यामुळे कथा खोटीही पडत नाही.

प्रचार ही तिसरी गोष्ट. प्रेक्षकानं एकाच निष्कर्षाला यावं म्हणून कथाच वाकवलेली असते. विरोधकाचं म्हणणं ऐकूच येत नाही, नायकाची चूक चूक ठरत नाही, गैरसोयीचं ते गाळलं जातं. विचार करण्याचा प्रेक्षकाचा हक्कच मालिका काढून घेते. दोष द्यायचा तर तो इथे द्यावा.

यात उपदेशाचीही गल्लत होते. १९९७ ते २००५ या काळात दूरदर्शनवर 'शक्तिमान' पाहिलेली पिढी आज आईबाप झाली आहे. वर्तमानपत्रात काम करणारा भाबडा गंगाधर, योगसाधनेतून मिळालेली ताकद, अंधाराचं राज्य मागणारा किल्विष, आणि भागाच्या शेवटी मुलांना चांगल्या सवयींचा धडा. शक्तिमान उपदेश करत होता, आणि मी उपदेश करतो आहे हे सांगून करत होता. आपल्या भागाला तर ही रीत चांगलीच ठाऊक आहे. गाडगेबाबांनी कीर्तनातून स्वच्छता आणि शिक्षण सांगितलं. चांदूर रेल्वेपासून जवळच्या गुरुकुंज मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीवरच्या भजनांतून गाव सुधारायला सांगितलं आणि १९४२ च्या आंदोलनात तुरुंगवासही भोगला. त्यांची भूमिका ऐकणाऱ्यापासून लपलेली नव्हती. उघड सांगितलेलं मत माणूस स्वीकारतो किंवा नाकारतो. न सांगता गळी उतरवलेलं मत तपासायची संधीच मिळत नाही.

'कीचकवधा'कडून शिकायची रीत

रूपक आहे असं म्हणायचं तर पुरावा कसा मांडायचा, हे 'कीचकवध' चांगलं दाखवतं. तिथे एकच गोष्ट बोलत नाही, तीन गोष्टी एकत्र बोलतात. पहिली, लेखकाची जाहीर भूमिका. खाडिलकर 'केसरी'त टिळकांचे सहकारी. दुसरी, काळ. १९०५ मध्ये कर्झननं बंगालची फाळणी केली, देश पेटला, आणि दोन वर्षांत हे नाटक आलं. तिसरी, नाटकातली मांडणी. सत्तेनं माजलेला अधिकारी, अपमान झालेली स्त्री, सबुरीचा सल्ला देणारा थोरला भाऊ आणि सहन न होणारा धाकटा. ही चौकट त्या वेळच्या मवाळ-जहाल वादावर जशीच्या तशी बसते. वऱ्हाडातही टिळकांच्या राजकारणाचं वजन होतं. टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे अमरावतीचेच. अशा प्रेक्षकाला नाटकाची किल्ली कोणी हातात द्यावी लागत नव्हती.

तीनपैकी एकच गोष्ट जुळली तर रूपक सिद्ध होत नाही. नुसता काळ जुळला तर तो योगायोग असू शकतो. नुसती लेखकाची मतं ठाऊक असतील, तर ती कथेत उतरली आहेत का हे पाहायचं राहतं. नुसती मांडणी जुळते असं वाटलं, तर ती आपल्याच मनातली जुळणी असू शकते. तिन्ही बाजूंनी पुरावा मिळाला तरच ठामपणे बोलावं.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. कर्झन कोण हे ठाऊक नसलेल्या माणसालाही 'कीचकवध' समजतं. भीमाचा राग, द्रौपदीची घुसमट, युधिष्ठिराची अडचण आपापल्या जागी खरी आहे. युधिष्ठिर मूर्ख नाही, त्याला अज्ञातवास मोडू द्यायचा नाही. राजकीय अर्थ काढून घेतला तरी कथा उभी राहते का, हा प्रश्न कोणत्याही मालिकेला विचारण्याजोगा आहे. पडली, तर ती कथेचं सोंग घेतलेलं भाषण होती.

सात प्रश्न

*एक: खलनायकाकडे कारण आहे का?* चांगल्या कथेत विरोधकाला त्याच्या जागी उभं राहून बोलू दिलेलं असतं. २०२१ मधली 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर' ही सहा भागांची मालिका घ्या. त्यात कार्ली मॉर्गेनथाऊ ही तरुणी घरादारातून हुसकावल्या जाणाऱ्या लोकांसाठी लढते. तिचं म्हणणं ऐकताना पटतं. मग तिसऱ्या भागात ती आत माणसं असताना एक गोदाम उडवून देते. तेव्हा आपण थांबून विचारावं: या मुलीनं हे करणं तिच्या स्वभावातून आलं, की तिच्या प्रश्नाला उत्तर देणं टाळता यावं म्हणून लेखकांनी तिला खुनी केलं? दोन्ही वाचनं शक्य आहेत. प्रश्न विचारायची सवय लागणं हीच खरी कमाई.

*दोन: चुकीची किंमत कोण मोजतं?* आपल्या बाजूच्या माणसांच्या चुका मालिका धुऊन काढते का, ते पाहा. 'द बॉईज' या मालिकेच्या पहिल्याच भागात ए-ट्रेन हा वेगवान सुपरहिरो रस्त्यावर उभ्या मुलीला धडकून मारतो, आणि त्याची कंपनी तिच्या मित्रापुढे पैसे आणि गप्प राहण्याचा करार ठेवते. मालिका कोणाच्या विरुद्ध आहे ते तिथेच कळतं. पण पुढे सुपरहिरोंविरुद्ध लढणारी माणसंही सूडानं आंधळी होतात, खोटं बोलतात, निरपराधांना इजा करतात, आणि मालिका त्याचा हिशेब मांडते. भूमिका आहे, पण सूट कोणालाच नाही.

*तीन: मत घटनेतून येतं की भाषणातून?* 'फाल्कन'च्या शेवटच्या भागात नायक सॅम विल्सन पुढाऱ्यांना उभ्या उभ्या लांब भाषण देतो. ते अनेकांना भिडलं, अनेकांना खटकलं. ज्यांना खटकलं त्यांची तक्रार नुसतं 'राजकारण आलं' अशी न राहता 'कथेनं करायचं काम भाषणानं केलं' अशी असेल, तर ती तपासता येते. पात्र बोलतं आहे की लेखक पात्राच्या तोंडून बोलतो आहे? ते पात्र एरवी असं बोलेल का? त्याला उलट उत्तर देणारं कोणी समोर आहे का?

*चार: काय गाळलं आहे?* हा सगळ्यात अवघड प्रश्न, कारण पडद्यावर नसलेलं शोधायचं असतं. गाळण्यामागे दर वेळी मतच असतं असंही नाही, बाजारही असतो. २०१६ च्या 'डॉक्टर स्ट्रेंज' चित्रपटात मूळ कॉमिकमधला तिबेटी गुरू बदलून युरोपीय वंशाचं पात्र आणलं गेलं, आणि पटकथाकारांपैकी एकानं त्यामागे चीनच्या नाराजीची धास्ती असल्याचं मुलाखतीत सांगितलं. तिबेटविरुद्ध अक्षरही न बोलता तिबेट नाहीसा झाला.

*पाच: मूळ कधीचं, चित्रण कधीचं?* बातमी आणि मालिका जुळली की आपण लगेच संबंध जोडतो. 'द बॉईज'च्या चौथ्या पर्वाचा शेवटचा भाग १८ जुलै २०२४ ला आला. त्यात राजकीय हत्येचा कट होता. पाचच दिवस आधी, १३ जुलैला, डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला होता. निर्मात्यांनी भागाचं नाव बदललं आणि आधी सूचना टाकली. चित्रीकरण कितीतरी आधी आटोपलं होतं. तो योगायोगच होता. पण याच मालिकेतला होमलँडर हा सुपरहिरो ट्रम्प यांच्याशी जोडलेला आहे, हे निर्माता एरिक क्रिपके यानं स्वतः मुलाखतीत सांगितलं आहे. म्हणजे एकाच मालिकेत एक साम्य योगायोगाचं आणि एक हेतूचं. तारखा पाहिल्याशिवाय ते वेगळं करता येत नाही.

*सहा: मदत कोणाची?* अमेरिकेचं संरक्षण खातं चित्रपटांना विमानं, तळ, जवान पुरवतं, आणि त्यासाठी पटकथा पाहतं. २०१९ च्या 'कॅप्टन मार्व्हल'ला हवाई दलाचं सहकार्य होतं. २०१२ च्या 'अ‍ॅव्हेंजर्स'मधून मात्र खात्यानं अंग काढून घेतलं, कारण कथेतली शील्ड ही संघटना अमेरिकी सरकारच्या हुकमाखाली आहे की कोणाच्या, हेच त्यांना उमगेना. ज्याची मदत, त्याची प्रतिमा उजळ राहील हे पाहिलं जातं. शेवटची नामावली थांबून वाचली तर आभार कोणाचे मानले आहेत ते कळतं. मदत घेतली म्हणजे मालिका खोटी, असं नव्हे. पण त्या खात्याबद्दल मालिका काय म्हणते ते ऐकताना ही गोष्ट ठाऊक असावी.

*सात: बाजू उलटवून पाहा.* हा प्रश्न मालिकेपेक्षा स्वतःला विचारायचा आहे. हेच दृश्य, हेच भाषण, हीच विरोधकाची टर, आपल्या आवडत्या पक्षाच्या, जातीच्या, धर्माच्या, देशाच्या विरोधात असती तर आपण काय म्हटलं असतं? कॅप्टन अमेरिकाचा पहिला अंक १९४० च्या डिसेंबरात विक्रीला आला. मुखपृष्ठावर तो हिटलरच्या तोंडावर ठोसा मारतो. अमेरिका युद्धात उतरायला अजून वर्ष होतं. जो सायमन आणि जॅक कर्बी या दोघा ज्यू चित्रकारांनी तो ठोसा विचारपूर्वक मारायला लावला होता. हा राजकीय हेतू होता, याबद्दल दुमत नाही. आपल्याला तो आवडतो म्हणून आपण त्याला अजेंडा म्हणत नाही. जे आपल्याला पटतं ते 'मूल्य' आणि जे पटत नाही ते 'अजेंडा', अशी वाटणी मनात पक्की झाली की वरचे सहाही प्रश्न फुकट जातात.

एक भाग हातात घेऊन पाहू

'मिस मार्व्हल' ही २०२२ सालची सहा भागांची मालिका आपल्याकडेही पाहिली गेली आणि तिच्यावर वादही झाले. कमला खान ही अमेरिकेतल्या जर्सी सिटीत राहणारी पाकिस्तानी कुटुंबातली मुलगी. चौथ्या भागाच्या शेवटी ती १९४७ मध्ये पोचते, आणि पाचवा भाग तिथे घडतो. रेल्वे स्थानकावर माणसांचा लोंढा, कराचीला जाणारी शेवटची गाडी, आणि गर्दीत बापाचा हात सुटलेली एक लहानगी. ती लहानगी म्हणजे कमलाची आजी. प्रश्न एकेक करून लावा.

विषय राजकीय आहे का? आहे, फाळणी. भूमिका आहे का? आहे. ब्रिटिश राजवटीबद्दल मालिकेचा सूर कडक आहे, आणि कमलाचा पणजोबा हसन स्वातंत्र्याच्या बाजूनं बोलतो. खलनायक कोण? त्या भागात आजीच्या आईला मारणारी बाई तिच्याच अद्भुत जगातली आहे. हिंदू, शीख किंवा मुसलमान असा कोणताही समाज खलनायक म्हणून उभा केलेला नाही. मत घटनेतून येतं का? मुख्यतः घटनेतून: हात सुटतो, मूल हरवतं, गाडी सुटायला आलेली असते.

आता चौथा प्रश्न, काय गाळलं? गाड्या दोन्ही दिशांनी धावल्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून निघालेली कुटुंबं आजच्या उल्हासनगरात उतरली, तशीच वऱ्हाडातही आली. अमरावती-अकोल्याच्या बाजारपेठांत त्यांनी शून्यातून धंदे उभे केले. त्यांची गाडी या मालिकेत नाही. हा अजेंडा का? मला तो तसा वाटत नाही, आणि त्याचं कारण सांगता येतं. मालिका सुरुवातीपासून एका घराच्या आठवणीतून बोलते आणि तसं उघड सांगते. साऱ्या फाळणीचा निवाडा करते आहे असा आव आणत नाही. एका कुटुंबाच्या गोष्टीत दुसऱ्याचं कुटुंब नसणं स्वाभाविक आहे. पण ही मालिका पाहून उठलेल्या मुलाला फाळणी पूर्ण कळली असं समजणं चूक ठरेल. तेव्हा पुढची पायरी आपली. ओळखीतल्या एखाद्या सिंधी आजोबांकडे मुलांना घेऊन जा, त्यांच्या घरी सांगितली जाणारी गोष्ट ऐकवा. दोन बाजूंच्या दोन आठवणी कानावर पडल्या की मुलांना मालिकेचं मोल कळतं आणि तिची मर्यादाही.

माझा निवाडा असा: विषय आहे, भूमिका आहे, प्रचाराचा पुरावा नाही. तुमचा वेगळा निघू शकतो. अट एवढीच की दृश्य दाखवून बोलावं.

पाहायची पद्धत

पहिली गोष्ट, तुकड्यावरून निकाल देऊ नका. बाजारात कापसाच्या गाडीचा भाव वरचं बोंड पाहून कोणी ठरवत नाही, आत हात घालून मूठ काढतात. मोबाईलवर फिरणारा तीस सेकंदांचा तुकडा कोणीतरी निवडलेला असतो, आणि निवडणाऱ्याचाही हेतू असतो. निदान पहिला भाग, मधला एक आणि शेवटचा, असे तीन भाग पूर्ण पाहा. शेवट महत्त्वाचा, कारण कथा कोणाला बरोबर ठरवते ते तिथे कळतं. मधल्या भागात खलनायक बोलला म्हणजे ते मालिकेचं मत झालं, असं होत नाही.

दुसरी, वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात दृश्य: कोणता भाग, साधारण कितव्या मिनिटाला, काय घडलं. दुसऱ्यात त्या दृश्याचा आपल्याला लागलेला अर्थ. तिसऱ्यात त्याच दृश्याचा दुसरा शक्य अर्थ. तिसरा रकाना भरायला जड जातो, पण विचाराची खरी कसोटी तिथेच लागते. दोन-तीन भागांनंतर एकाच दिशेचे पाच-सहा पुरावे जमले आणि तिसरा रकाना रिकामाच राहू लागला, तर तुमचा संशय बळकट आहे.

तिसरी, भाषा बदलून पाहा. परदेशी मालिका आपण बहुधा हिंदीत ऐकतो. भाषांतरात विनोद बदलतात, शिव्या गळतात, टोमणे कधी बोथट तर कधी जास्त धारदार होतात. ज्या वाक्यावर वाद आहे ते मूळ आवाजात, खालच्या ओळी वाचत, एकदा ऐका. वाक्य मालिकेचं आहे की भाषांतरकाराचं, हे मग कळेल.

चौथी, मालिका पाहून झाल्यावरच निर्मात्यांच्या मुलाखती वाचा. आधी वाचल्या तर त्यांनी सांगितलेलं तेवढंच दिसतं. आणि निर्माता म्हणाला म्हणून हेतू पडद्यावर उतरला असं होत नाही, तसंच तो नाही म्हणाला म्हणून नाहीसाही होत नाही.

पाचवी, प्रेक्षकांनी दिलेल्या तारांकडे सावधपणे पाहा. वादाच्या मालिकांना न पाहताच एक तारा देणारे आणि न पाहताच पाच देणारे, दोन्ही जथे असतात. त्या सरासरीवरून मालिकेचा हेतू कळत नाही.

मुलांसोबत पाहताना

वयाची खूण आणि राजकारण या वेगळ्या गोष्टी आहेत. २०२१ च्या नियमांप्रमाणे ऑनलाईन मालिकांवर यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ किंवा ए अशी खूण असते, आणि हिंसा, भाषा वगैरेंची सूचनाही असते. १३+ आणि त्यावरच्या मालिकांना पालकांनी कुलूप लावायची सोय द्यावी लागते. ही खूण हिंसा आणि अश्लीलतेबद्दल सांगते, मतांबद्दल नाही. 'द बॉईज' मुलांना दाखवू नये हे खरं, पण कारण त्यातला रक्तपात आणि नग्नता. त्यासाठी राजकारणाचा आधार घ्यायची गरज नाही.

ज्या मालिका मुलांच्या वयाच्या आहेत त्या त्यांच्याबरोबर बसून पाहा. भागाच्या मध्येच प्रवचन सुरू करू नका, रस जातो आणि मूल पुढच्या वेळी दार लावून पाहतं. भाग संपल्यावर, जेवताना, एक-दोन प्रश्न विचारा. "तो वाईट माणूस असा काहून झाला असंन?" "तू त्याच्या जागी असता तं काय केलं असतं?" "हिरोनं केलं ते दुसऱ्या कोणी केलं असतं तं चाललं असतं काय?" हा शेवटचा प्रश्न महानायकाच्या गोष्टींसाठी फार मोलाचा आहे. कारण या प्रकारच्या कथांचं सगळ्यात खोल राजकारण पक्षांत नसतं, ते या समजुतीत असतं की कायदा, कोर्ट, पंचायत कुचकामी आहेत आणि एक ताकदवान माणूस आला की सगळं सुतासारखं सरळ होतं. ही समजूत उजव्यांच्या मालिकांत असते, डाव्यांच्याही असते, आणि काहीच राजकारण नसलेल्या मारामारीच्या मालिकेत तर हमखास असते. 'यात राजकारण नाही' असं सांगणाऱ्या पोराला हाच प्रश्न विचारा. मूल स्वतःहून म्हणालं की हिरोवरही कोणाचं तरी लक्ष असलं पाहिजे, तर त्या दिवशी तुमच्या घरात नागरिकशास्त्राचा उत्तम तास झाला असं समजा.

मुलाचं मत तुमच्यापेक्षा वेगळं निघालं तर ते मोडून काढू नका. त्याला दृश्य विचारा. त्यानं दृश्य दाखवलं तर तुम्हीही वहीत लिहा.

आणि प्रचार आढळलाच तर

सगळे प्रश्न लावून मालिका खोटा प्रचार करते आहे असं तुमचं मत पक्कं झालं, तर तीन मार्ग आहेत. पहिला, पाहणं सोडा आणि का सोडलं ते घरात स्पष्ट सांगा. दुसरा, भाग आणि दृश्याचा हवाला देऊन लिहा: ग्रुपवर, वर्तमानपत्राच्या वाचक-पत्रांत, शाळेच्या भित्तिपत्रकात. 'दाखवू नका' या दोन शब्दांपेक्षा 'तिसऱ्या भागात अमुक दाखवलं आहे, आणि वस्तुस्थिती अशी आहे' हे वाक्य शंभरपट उपयोगाचं. तिसरा, मजकूर नियम मोडणारा वाटला तर त्या ऑनलाईन मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. तक्रार पंधरा दिवसांत निकाली काढणं नियमानं त्याच्यावर बंधनकारक आहे. तक्रारीतही दृश्याचा पत्ता द्या, नाहीतर उत्तर मोघमच येईल.

बंदीची मागणी मात्र घाईनं करू नये. 'कीचकवधा'चा अर्थ सरकारनं बरोबर ओळखला होता, उपाय चुकीचा केला. बंदीमुळे नाटकाचा अर्थ पुसला गेला नाही, उलट ज्यांनी ते पाहिलं नव्हतं त्यांनाही तो कळला. आणि बंदी घातलेल्या गोष्टीवरून प्रेक्षक पारखायला शिकत नाही.

'मला ही मालिका आवडली नाही' असं म्हणायचा प्रत्येकाला हक्क आहे, त्यासाठी कोणालाही पुरावा द्यावा लागत नाही. 'यात अजेंडा आहे' असं म्हणायचं तर पुरावा द्यावा लागतो, कारण तो दुसऱ्याच्या हेतूवर केलेला आरोप आहे. हे दोन वेगळे ठेवले तरी गावातल्या, घरातल्या, ग्रुपवरच्या निम्म्या वादांत शहाणपण येईल.

चांदूर रेल्वेच्या शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांना आणि वाचनालयांना माझी कळकळीची विनंती आहे. महिन्यातून एकदा एखाद्या मालिकेचा एक भाग मुलांबरोबर पाहा, हे सात प्रश्न फळ्यावर लिहा आणि दोन गट करा. एका गटानं अजेंडा आहे असं मांडायचं, दुसऱ्यानं नाही असं. पुढच्या महिन्यात गटांच्या बाजू बदला. ज्या मुलांना दोन्ही बाजूंनी पुरावा मांडता येतो, त्यांना मालिकाच काय, निवडणुकीच्या सभेतलं भाषणही सहजासहजी फसवू शकणार नाही.